ग्रेबेबर्गचे दगडी सिंह

रानजाई

मुलीला पांडा बघायचे होते, म्हणून आम्ही गेलो. हॉलंडमधल्या वाखेनिंगनला राहायला येऊन दोन वर्षं होत आली. तिथून रेनेनचं आउवेहांड प्राणिसंग्रहालय सायकलनं अर्ध्या तासावर. ऱ्हाइनच्या काठानं सगळा रस्ता ताटासारखा सपाट, आणि मग एकदम चढ लागतो. जेमतेम पन्नास मीटरची टेकडी, आपल्याकडे तिला कुणी नावही ठेवलं नसतं. पण या देशात तेवढीसुद्धा बर्ग, म्हणजे डोंगर. लिहिताना ग्रेबेबर्ग, बोलताना ख्रेबेबेर्ख.

वर पोचलो, धापा टाकत सायकली लावल्या. डाव्या-उजव्या बाजूचा विचारच केला नव्हता. एका बाजूला तिकिटांची रांग, फुगे, आइसक्रीम. आणि रस्त्याच्या बरोब्बर दुसऱ्या बाजूला, झाडांच्या मधल्या हिरवळीवर, कबरींच्या ओळीच ओळी.

परत येताना लेकच म्हणाली, आई, तिकडे जाऊ या. ती नऊ वर्षांची आहे, नुकतंच डच वाचायला शिकली आहे, त्यामुळे दिसेल ते मोठ्यानं वाचते. एका दगडापुढे उभी राहिली: नाव, हुद्दा, १२ मे १९४०. शेजारचा दगड: १३ मे १९४०. पुढचा: १३ मे १९४०. त्याच्या पुढचा: १२ मे. दगडाच्या तळाशी गवतातून एक गोगलगाय वर चढत होती, तिनं ती अलगद उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, "आई, हे सगळे एकदमच कसे गेले?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, शेजारच्या आजोबांना विचारलं, आणि मग पुन्हा दोनदा एकटी जाऊन आले. जे कळलं ते इथे लिहिते, कारण आपल्यातले कितीतरी जण हॉलंडला येतात, ट्युलिप आणि पवनचक्क्या बघून जातात, आणि इथे कुणी येत नाही.

१० मे १९४० च्या पहाटे जर्मनीनं हॉलंडवर हल्ला केला. पहिल्या महायुद्धात हा देश तटस्थ राहिला होता, या वेळीही तसंच निभावेल अशी आशा होती. या टेकडीवरून जाणारी ग्रेबे संरक्षणरेषा ही अठराव्या शतकातली जुनी कल्पना: शत्रू आला की शेतांत पाणी सोडायचं. गुडघाभर पाणी चालत ओलांडायला अवघड, होडीला अपुरं. ही डच डोक्यातून निघालेली खास युक्ती. पण टेकडीवर पाणी चढत नाही. टेकडीपुढच्या सखल भागासाठी जे पंपघर बांधायला घेतलं होतं ते वेळेत पुरं झालं नाही. म्हणजे अख्ख्या रेषेत जो एक सुका दरवाजा उरला तो हाच, आणि जर्मन तिथेच आले.

समोर वाफेन एसएस या नाझी लष्करी दलाची 'डेर फ्यूरर' रेजिमेंट आणि २०७ वी डिव्हिजन. डचांकडे काय, तर १८८० च्या सुमाराच्या घडणीच्या तोफासुद्धा अजून वापरात होत्या. माणसं बहुतेक सक्तीच्या भरतीतली: शेतकरी, कारकून, सुतार, १९३९ च्या ऑगस्टपासून खंदकात बसलेली. अशा लोकांनी ती टेकडी ११ मेपासून १३ मेपर्यंत लढवली. चारशेहून जास्त डच सैनिक त्यात पडले.

प्राणिसंग्रहालय तेव्हाही होतं, १९३२ साली सुरू झालेलं. पिंजरे फुटून हिंस्र जनावरं बाहेर येऊ नयेत म्हणून लढाईआधी ती गोळ्या घालून मारली. मग माणसं त्याच आवारात लढली. मेजर लांटसाट नावाचे अधिकारी शेवटच्या मूठभर लोकांसह तिथल्या पॅव्हिलियनमध्ये राहिले. गोळ्या संपत आल्या तेव्हा त्यांनी सोबत्यांना जायला सांगितलं आणि स्वतः हलले नाहीत. जिथे आम्ही पांडा बघितले त्या कुंपणाच्या आत हे झालंय.

१४ मेला रॉटरडॅमवर बॉम्ब पडले आणि हॉलंडनं शस्त्रं खाली ठेवली.

आता स्मारकाबद्दल, कारण धागा त्यासाठीच आहे. आराखडा वास्तुविशारद आउड यांचा, शिल्पं यॉन रेडेकर यांची (हो, आडनाव अगदी आजऱ्याकडचं वाटतं), उभं राहिलं १९५३ साली. दोन दगडी सिंह आहेत. सिंह हे डच राजचिन्ह. पण विजयस्तंभावर असतात तसा त्यांचा रुबाब नाही. मला ते राखणदार वाटले, घरातला कर्ता माणूस गेल्यावर दाराशी बसून राहिलेल्या माणसांसारखे. पहाटे पाऊस झाला होता. मी एकाच्या अंगावर हात ठेवला, दगड गारठलेला, बोटाला शेवाळाचा चिकटपणा लागला. कोरलेल्या ओळी जे. सी. ब्लूम या कवीच्या. त्यांचा भाव असा: पाच दिवसांत स्वातंत्र्य गेलं, आणि ते पुन्हा जन्माला यायला पाच वर्षं लागली.

मला धरून ठेवलं ते या पाच दिवसांनी. ही हरलेल्या लढाईची जागा आहे. आणि तरीही इतक्या वर्षांनी ते गवत कुणीतरी काटेकोर कापतंय.

तुमच्यापैकी कुणी अशी स्मारकं बघितली आहेत का? हरलेल्यांची?

पायवाट

रानजाई, फार मनापासून लिहिलंयस. एक भर घालतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या दाम चौकातला तो पांढरा उंच स्तंभ आठवतो ना, ज्याच्या पायरीवर बसून आपल्या सहलींचे ग्रुप फोटो निघतात? तेच राष्ट्रीय स्मारक, आणि तेही आउड आणि रेडेकर या जोडीचंच. तिथेही सिंह आहेत. ४ मे १९५६ ला त्याचं अनावरण झालं, पण रेडेकर त्या जानेवारीतच वारले होते. म्हणजे ग्रेबेबर्गचे सिंह त्यांनी पुरे झालेले पाहिले, दामवरचा सोहळा मात्र त्यांच्या नशिबी नव्हता.

मी त्या पायरीवर बसून फ्रेंच फ्राइज खाल्ले आहेत. मागच्या भिंतीत प्रत्येक प्रांतातून आणलेल्या मातीचे कलश आहेत हे मला सहा वर्षांनी कळलं. त्यात एक डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या, मातीचाही आहे. आता तिथे जातो तेव्हा उभाच राहतो.

निशिगंध

सुंदर लेख. हरलेल्यांच्या स्मारकाचं विचारलंत म्हणून लिहिते.

आम्ही पानिपतला गेलो होतो, काला आंबला. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी पुण्याहून निघताना एका डबीत शनिवारवाड्यापुढची माती घेतली होती, आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. तिथे गेल्यावर त्यांनी ती स्तंभाच्या पायथ्याशी ठेवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या सुमाराचे दिवस. आमच्या माहेरी अजून तिळगूळ वाटताना आजी एकदा तरी 'संक्रांत कोसळली' म्हणायचीच.

पण आपल्या भाषेत बघा काय झालंय. क्रिकेटची मॅच हरलो की 'पानिपत झालं', निवडणुकीत आपटलो की 'पानिपत'. तिथे जे उपाशी पोटी लढले त्यांचं नाव आपण पराभवाला देऊन टाकलं. मला हे खटकतं. मी घरात तो शब्द तसा वापरू देत नाही.

डच लोक ग्रेबेबर्गचा असा वाक्प्रचार करतात का?

रानजाई

निशिगंधताई, डबीचं वाचून अंगावर काटा आला. वाक्प्रचार माझ्या तरी कानावर आलेला नाही. शेजारच्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही त्यांना आधी बरीच वर्षं नुसतं हरलेलं सैन्यच समजत होतो. पाच दिवसांत संपलं, म्हणजे लढलेच नाहीत, असं लोक बोलायचे. आजोबांच्या आईला १९४० च्या मे महिन्यात कोळशाच्या बार्जमध्ये बसवून वाखेनिंगनबाहेर काढलं होतं, अख्खं गावच तसं हलवलं. परतल्यावर कोळशानं काळे झालेले कपडे धुऊन निघाले नाहीत म्हणून तिनं ते पोतेरं म्हणून वापरले. घर मात्र जागेवर नव्हतं.

पायवाटदादा, कलशांचं मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

लिंबलोण

लेख चांगला आहे, पण मला एक बाजू मांडायची आहे आणि ती कुणाला टोचली तर टोचू दे.

पाच वर्षं पारतंत्र्य सोसलेल्या याच देशानं, सुटका झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच सक्तीच्या भरतीची पोरं जावा-सुमात्रावर पाठवायला घेतली, पुढे लाखभर पाठवली, कशासाठी? इंडोनेशियानं १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं होतं ते मोडून काढायला. १९४७ आणि १९४८ अशा दोन मोहिमा. नाव काय दिलं, तर 'पोलिसी कारवाई'. ९ डिसेंबर १९४७ ला रावागेदे गावातल्या पुरुषांना ओळीनं उभं करून मारलं. त्या विधवांना डच न्यायालयातून न्याय मिळायला २०११ साल उजाडलं. मोहिमांमधली हिंसा वरचेवर होणारी आणि टोकाची होती असं संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलं, तेव्हा पंतप्रधान रुटे यांनी माफी मागितली.

आणि त्या युद्धात पडलेल्या डच सैनिकांचंही स्मारक आहे. रूरमॉन्डला. १९४५ ते १९६२ या काळात इंडीज आणि न्यू गिनीत मेलेल्या सहा हजार दोनशेहून जास्त जणांची नावं तिथे आहेत. दर सप्टेंबरला तिथे लोक जमतात. तिथे तुम्ही फूल वाहाल का, रानजाई? माझा हात जाणार नाही.

रानजाई

लिंबलोण, टोचलं, आणि टोचायला हवं होतं.

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण आधी रूरमॉन्डला जाऊन यायचं ठरवलं. काल गेले. उद्यानात खांब आहेत, खांबांवर नावं. वर्षंही आहेत. १९४७, १९४८, १९४९. वीस वर्षांची पोरं. यांना कुणी विचारलं नव्हतं, नाही म्हणणाऱ्यांना तुरुंग होता. आणि तरी तिकडच्या गावांत जे घडलं ते यांच्यातल्याच काहींच्या हातून घडलं. एका खांबापाशी एक आजी होत्या, काठी टेकून एका नावावर बोट फिरवत होत्या. मी काहीच विचारलं नाही.

मी फूल वाहिलं नाही. पण पाठ फिरवूनही आले नाही. उभी राहिले. याहून स्पष्ट उत्तर आज माझ्यापाशी नाही.

ग्रेबेबर्गचं मात्र मला वेगळं वाटतं. १९४० मध्ये जे स्वतःच्या घराच्या दारात पडले त्यांना १९४७ चा जाब विचारता येत नाही.

टपाल

अवांतर होईल, पण ग्रेबेबर्गचीच गोष्ट आहे. १२ मे १९४० ला तिथल्या एका डच सार्जंटला डच सैन्यानंच गोळ्या घातल्या. सार्जंट मेयर. आपली तोफ घेऊन जागा सोडून मागे आला, म्हणून घाईघाईनं कोर्ट मार्शल, आणि त्याच दिवशी शिक्षा. तीस वर्षांनी तिथल्या संसदेत यावर वाद झाला.

मी स्वतः बावीस वर्षं फौजेत काढली. पळणाऱ्याला माफी नको, हे मलाही तेव्हा तसंच शिकवलं होतं. पण तोफेच्या माऱ्याखाली पहिल्यांदा सापडलेला माणूस काय करेल हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. स्मारकाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट गाळू नये, एवढंच.

खटावकर

धागा दोनदा वाचला. लिहू की नको असं करत होतो.

जावाचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना थोरले आबा म्हणायचो, ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावात भरती. घरात एवढंच माहीत की ते 'जाव्याला' गेले होते. गावातली बायामाणसं समजायची जावळीला. कुणाला जावा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

मी नंतर शोधलं. १९४५ च्या ऑक्टोबरात ब्रिटिशांची ४९ वी हिंदी ब्रिगेड जावातल्या सुराबायाला उतरली. तीन पलटणी: ४ मराठा, ६ मराठा आणि एक राजपुताना रायफल्सची. काम काय, तर जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि छावण्यांत अडकलेल्या डच बायकापोरांना सोडवून बंदरावर पोचवायचं. २८ ऑक्टोबरला शहर उठलं. हजारोंनी लोक चालून आले. बायकामुलांनी भरलेल्या ट्रकांभोवती कडं करून आपली माणसं लढली आणि पडली. ३० तारखेला ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले, ते ज्या इमारतीसमोर, तिच्या आत ६ मराठाची कंपनी होती. मग १० नोव्हेंबरची मोठी लढाई. तो दिवस इंडोनेशिया आज वीर दिन म्हणून पाळतो, आणि ते बरोबरच आहे. ते त्यांच्या स्वातंत्र्यासाठी लढत होते.

आमचे आबा कुणासाठी लढत होते? स्वतःचा देश पारतंत्र्यात, समोरचे लोक स्वातंत्र्य मागणारे, आणि पाठीशी कुणा तिसऱ्याच मुलखातली लेकरं. नेहरूंनी तेव्हाच जाहीर विरोध केला होता की हिंदी फौजा तिथे वापरू नका.

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धातल्या ४६ जणांचं स्मारक आहे. तिथे जाऊन ऊर भरून येतो. पण सुराबायाला पडलेल्यांची नावं आमच्या तालुक्यात कुठल्याही चौथऱ्यावर मी बघितली नाहीत. जकार्तात मेंतेंग पुलो भागात राष्ट्रकुलाची दफनभूमी आहे, तिच्यात हिंदी जवान आहेत, आणि तिला लागूनच डच सैनिकांची. एकमेकांना शेजार.

लिंबलोणभाऊ, तुमचा राग खरा आहे. पण त्या ट्रकांतल्या पोरांना वाचवताना जे मेले त्यांना मी कुठल्या बाजूचं म्हणू, हे मला आजवर समजलेलं नाही.

लिंबलोण

खटावकर दादा, हे मला माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं इतिहासाचं मी मागे घेत नाही, पण 'माझा हात जाणार नाही' हे मी फार पटकन लिहिलं. थोरल्या आबांचं आणखी काही आठवत असेल तर लिहा.

पायवाट

खटावकर, दुसऱ्या महायुद्धातली आणि नंतरची पदकं घरी असतील तर बघा. ब्रिटिश हिंदी फौजेच्या पदकांच्या कडेवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. जावाला गेलेल्यांना जनरल सर्व्हिस मेडल होतं, जांभळी फीत आणि मधोमध हिरवा पट्टा.

रानजाई

काल ४ मे. वर्षातून एकदा हा देश संध्याकाळी आठला दोन मिनिटं थांबतो. दिवेलागणीच्या आधी झेंडे अर्ध्यावर उतरतात. १९६१ पासून हा दिवस फक्त महायुद्धातल्यांचा न राहता नंतरच्या युद्धांत आणि शांतिमोहिमांत गेलेल्यांचाही आहे.

लेकीला घेऊन टेकडीवर गेले. किती लोक! म्हातारे, तरणे, शाळेतली पोरं, छातीवर पदकं लावलेले निवृत्त सैनिक. शेजारचे आजोबा आमच्यासोबतच होते, गाडीतून आले. आठला थोडा अवकाश असताना बिगूल वाजलं आणि मग सगळं थांबलं. हजारो माणसांत फक्त झेंड्याच्या दोरीचा काठीवर आपटल्याचा आवाज. दुसऱ्या मिनिटाला रस्त्यापलीकडून, प्राणिसंग्रहालयातून, मोर ओरडला. अगदी आपल्या मोरगावच्या माळावर ओरडतो तसा. लेकीनं माझा हात घट्ट धरला, पण हसली नाही, बोलली नाही. मग सगळे 'विल्हेल्मस' हे इथलं राष्ट्रगीत म्हणाले, आजोबा टोपी काढून.

नंतर फुलं वाहायला रांग लागली. आम्ही घरच्या कुंडीतला मोगरा नेला होता, इथे तो आतच ठेवावा लागतो, पाचच फुलं लागली होती. चार लेकीनं त्या पहिल्या चार दगडांवर ठेवली, १२ मे, १३ मे, १३ मे, १२ मे. पाचवं फूल कुठे ठेवू म्हणून विचारलं. मी म्हटलं, सिंहाच्या पायाशी ठेव, खटावकरकाकांच्या थोरल्या आबांचं म्हणून. त्यांची जागा इथली नाही, मला माहीत आहे. पण दुसरी जवळ नव्हती.

टपालकाका, सार्जंट मेयरची गोष्ट मी आजोबांना विचारली. ते म्हणाले, ती आमच्या घरात नेहमी हळू आवाजात सांगितली जायची.

निशिगंध

पाचव्या फुलापाशी थांबले. पुढचं वाचायला वेळ लागला.

खटावकर

रानजाईताई, काय बोलू. घरी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या पोरीला आमच्याकडून खाऊ पाठव.

पायवाटभाऊ, तुमचं वाचून धाकट्या चुलत्यांना फोन केला. माळ्यावरची लोखंडी ट्रंक रविवारी खाली काढली. वर आजीची इरकल, खाली पितळी वाती, आणि अगदी तळाशी गुळाच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेलं पदक. फीत विरलीय, पण जांभळा रंग कळतो, मधला हिरवा पट्टाही. कडा चिंचेनं घासली तेव्हा आधी नंबर दिसला, मग हुद्दा, मग आबांचं नाव, इंग्रजीत, एक अक्षर चुकीचं. फितीवर छोटी पट्टी आहे, तिच्यावर लिहिलंय: एस. ई. एशिया १९४५-४६.

नंबर मिळाला आहे. आता बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहायला घेतलंय. टपालकाका, पत्र कुणाच्या नावे लिहावं, तेवढं सांगाल का?